ओझर मिग ते टोनोपा

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 विमानांना निरोप दिला. तो सोहळा बाबांनी ओझरच्या घरी टीव्हीसमोर बसून पाहिला. त्या दिवशी फोनवर ते नेहमीसारखंच बोलले. छाटणी कुठवर आली, दिवाळीला इकडे येताना काय काय आणायचं, गुडघ्याचं कसं आहे. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "संपलं गं आज." एवढंच.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं ओझर. पुणे जिल्ह्यातल्या अष्टविनायकाच्या ओझरशी गल्लत होऊ नये म्हणून सगळे 'ओझर मिग' म्हणतात. 1964 साली इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग उभा राहिला तो मिग-21 बांधण्यासाठी. सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती. बाबा 1973 साली आयटीआय करून फिटर म्हणून लागले आणि साठी पूर्ण झाल्यावरच बाहेर पडले. विमानाचा पत्रा, रिव्हेट (पत्रे जोडायचे खिळे), जोडणी हे त्यांचं काम. आम्ही भावंडं कॉलनीत भोंग्यावर घड्याळ लावत वाढलो, डोक्यावरून विमान गेलं की आवाजावरून ओळखायला शिकलो, पण बाबा दिवसभर नेमकं काय करतात हे आम्हाला कधीच कळलं नाही. "शॉपमधलं शॉपमध्ये" हे त्यांचं वाक्य. आईनेही कधी विचारलं नाही.

मी गेली अकरा वर्षं नेवाडात, लास वेगासच्या कडेला राहते. त्या फोननंतर मी सहज मिग-21 बद्दल वाचत बसले आणि एका ठिकाणी थबकले. 1979 ते 1988 या काळात अमेरिकेच्या हवाई दलाची एक गुप्त तुकडी सोव्हिएत बनावटीची मिग विमानं उडवत होती. मिग-17, मिग-21, मिग-23. आपल्या वैमानिकांना खऱ्या शत्रूच्या विमानाशी लढायचा सराव व्हावा म्हणून. पंधरा हजारांहून जास्त उड्डाणं झाली आणि 2006 पर्यंत सरकारने याबद्दल जाहीर कबुली दिली नव्हती. तो तळ टोनोपा नावाच्या गावाजवळ होता. माझ्या घरापासून साडेतीन तासांवर.

बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मॅन्युअल कुठून आणलं त्यांनी?"

दिवाळी झाल्यावर तिकडे जायचं असं तेव्हाच ठरलं.

आधीच सांगते, तळ बघायला मिळत नाही. टोनोपा टेस्ट रेंज आजही चालू आहे आणि सामान्य माणसाला आत जाता येत नाही. बाबांना हे मी तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "गाव तर बघता येईल ना? ज्या गावाशेजारी एवढं चाललं होतं ते गाव कसं आहे ते बघू."

शुक्रवारी, 24 ऑक्टोबरला पहाटे निघालो. डब्यात चकल्या, शंकरपाळे, धपाटे आणि थर्मासमध्ये चहा. या रस्त्यावर खाण्यापिण्यापेक्षा पेट्रोलचं नियोजन महत्त्वाचं. वेगास ते टोनोपा सुमारे 340 किलोमीटर. मध्ये बीटी नावाचं गाव आहे, तिथे टाकी भरून घ्यायची, कारण त्यापुढच्या दीडशे किलोमीटरमध्ये भरवशाचं काही नाही. फोनची रेंजही मोठमोठ्या पट्ट्यांत जाते. म्हणून नकाशा आधी उतरवून घेतला आणि पाण्याचे दोन कॅन डिकीत टाकले.

महामार्ग 95 वायव्येला जातो आणि उजव्या हाताला बराच वेळ सरकारची राखीव जमीन असते. आधी क्रीच हवाई तळ, जिथून ड्रोन चालवतात. मग मर्क्युरीचा फाटा, ज्याच्या आत 1951 ते 1992 या काळात 900 हून जास्त अणुचाचण्या झाल्या. रस्त्यावरून यातलं काही दिसत नाही. तारेचं कुंपण, पाट्या, झुडपं आणि लांबवर निळसर डोंगर. बाबा खिडकीतून बघत होते. "राजस्थानात पोखरणला गेलो होतो तेव्हा असंच होतं," ते म्हणाले. मी चमकून पाहिलं. पोखरणला बाबा कधी गेले होते? "एकदा. विमानाच्या कामाला." आणि पुन्हा गप्प.

गोल्डफील्डच्या अलीकडे जोशुआची झाडं सुरू होतात, हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखी. गोल्डफील्डला आम्ही अर्धा तासच थांबलो, पण या भागातली लष्कराची गोष्ट तिथूनच सुरू होते, त्यामुळे ते टाळता येत नाही. आज जेमतेम काही शे वस्तीचं हे गाव सोन्याच्या भरात वीस हजारांवर गेलं होतं, नेवाडातलं सगळ्यात मोठं शहर. 1907 साली खाणमालक आणि कामगार यांच्यात मजुरीवरून जुंपली. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी गव्हर्नरच्या विनंतीवरून इथे फौज पाठवली. नंतर त्यांनीच पाठवलेल्या चौकशी समितीला फौज बोलवावी असा दंगा कुठे सापडला नाही. पण तोवर मालकांचं काम झालं होतं, संघटना मोडली. म्हणजे इथे लष्कर आलं ते खाणीत राबणाऱ्यांच्या विरोधात. बाबा आयुष्यभर युनियनचे सभासद होते. बंद पडलेल्या गोल्डफील्ड हॉटेलच्या चार मजली विटांच्या भिंतीसमोर उभे राहून त्यांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मजुरी कशात देत होते?" मी म्हटलं, रोख पैशांच्या टंचाईत मालकांनी चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली होती, त्यावरूनच बिनसलं. त्यांनी मान हलवली. त्यांना बाकीचं सांगावं लागलं नाही.

टोनोपा तिथून पस्तीसेक मिनिटांवर. समुद्रसपाटीपासून 6,000 फुटांवर, दोन डोंगरांच्या बेचक्यात बसलेलं, दोनएक हजार वस्तीचं गाव. शोशोनी लोकांच्या भाषेत 'पा' म्हणजे पाणी. आपल्या कानाला हे ऐकून गंमत वाटते, पण नाव खरंच पाण्यावरून पडलंय: झुडपांत लपलेल्या झऱ्याचं ठिकाण. चांदी सापडायच्या कितीतरी आधी इथे येणाऱ्याला हवी असायची ती गोष्ट पाणी होती.

चांदीची गोष्ट इथलं पोरसुद्धा सांगतं. 1900 च्या मे महिन्यात जिम बटलर नावाचा माणूस इथे मुक्कामाला थांबला, रात्री त्याचं गाढव भरकटलं, सकाळी ते सापडलं तेव्हा रागाने मारायला दगड उचलला, तर तो भलताच जड. गाढवाचा भाग खरा असो नसो, पुढचं पक्कं आहे. दगडाची परख करायला पैसे नव्हते, म्हणून हिस्सा देऊन तरुण वकील टास्कर ओडीमार्फत ती करून घेतली. हाच ओडी पुढे नेवाडाचा गव्हर्नर झाला. सगळ्यात श्रीमंत निघालेली खाण मिझपा, आणि तिची जागा निवडून नाव दिलं ते जिमच्या बायकोने, बेलने. पहिल्या वर्षी बटलरने खाणीचे तुकडे लोकांना खणायला दिले ते नुसत्या शब्दावर. कागद नाही, सही नाही, निघेल त्याचा चौथा हिस्सा माझा. आणि लोकांनी तो दिला. बाबांना बटलरच्या गाढवापेक्षा हे जास्त आवडलं.

उतरायला मिझपा हॉटेल. 1907 चं, पाच मजली, मधे बारा वर्षं बंद पडलेलं आणि 2011 ला पुन्हा उघडलेलं. सामान टाकून आम्ही थेट हॉटेलच्या मागच्या चढावर असलेल्या माइनिंग पार्ककडे निघालो. इथे एक चूक झाली ती सांगते, कारण कुणी वयस्कर माणसांना घेऊन जाणार असेल तर उपयोगी पडेल. वेगास 2,000 फुटांवर, टोनोपा 6,000. साडेतीन तासांत एवढी उंची चढून लगेच चढावर चालायला लावलं आणि बाबांना शंभर पावलांत धाप लागली. त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, माझे हात थरथरत होते. पंधरा मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला. त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, "घाई तुला असते. मला नाही." परत खाली आलो, त्या दिवशी फक्त विश्रांती घेतली आणि शनिवारी सकाळी गाडीने वरपर्यंत गेलो. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं.

पार्क म्हणजे शंभर एकरांहून मोठा, जसाच्या तसा राहिलेला खाणीचा परिसर. मिझपा, सिल्व्हर टॉप, नॉर्थ स्टार, डेझर्ट क्वीन अशा खाणींचे शाफ्टवरचे मनोरे अजून उभे आहेत. शाफ्ट म्हणजे सरळ खाली गेलेली विहीर, वर मनोरा, मनोऱ्यावर चाक, चाकावरून दोर, आणि दोराच्या एका टोकाला माणसांचा पिंजरा तर दुसऱ्या टोकाला शेडमधला, दोर गुंडाळून घेणारा मोठा ढोल. शेडमध्ये बसलेला चालक पिंजरा डोळ्यांनी बघू शकत नाही. त्याला खालून घंटेचे ठोके येतात. एक ठोका, वर घे, आणि चालू असेल तर थांब. दोन ठोके, खाली सोड. तीन ठोके, माणसं आहेत, सांभाळून. बाबा त्या ढोलासमोर जमिनीत रोवल्यासारखे उभे राहिले. "वरच्या माणसाचं खालच्यावर लक्ष हवं," ते म्हणाले, "नुसत्या आवाजावर." मग त्यांनी सांगितलं, आणि हे मी पन्नास वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, की रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन धरतो, दुसरा विमानाच्या पोटात शिरून पत्र्याच्या मागे डॉली धरतो, म्हणजे लोखंडाचा ठोकळा. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. मधे पत्रा असतो. आतल्याने पत्र्यावर टकटक केलं की बाहेरचा ठोकतो. एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे ठीक. "अकरा वर्षं मी आत होतो. मिगचं पोट अरुंद. बारीक माणूस लागायचा."

मला बाबा कायम बारीकच आठवतात. त्याचं कारण असं काही असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

पार्कातली सगळ्यात धाडसाची जागा म्हणजे बरो टनेल. डोंगरात आडवा बोगदा, शेवटी लोखंडी पिंजरा, आणि पिंजऱ्याखाली चांदीची शीर काढून घेतल्यावर उरलेली पोकळी, सुमारे 500 फूट खोल. पायाखाली जाळी. वर पाहिलं तर फटीतून आकाश, खाली पाहिलं तर दिव्याच्या उजेडात लाकडाच्या आडव्या तुळया एकाखाली एक लहान लहान होत गेलेल्या. इथे निसर्गतः पोकळी नव्हतीच. ही हवा माणसांनी हातांनी खणून काढली आहे. गारगोटीच्या दगडात कोरडं ड्रिल मारायचं, की गारगोटीची बारीक पूड उडते आणि ती छातीत जाऊन बसते. सिलिकोसिस. टोनोपाच्या खाणकामगारांत हा रोग फार होता. ऐन चाळिशीत माणसं खोकून खोकून जायची. चांदी न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या भांडवलदारांकडे गेली, गारगोटीची पूड इथल्या छात्यांत राहिली.

खाली उतरून आम्ही जुन्या कबरस्तानात गेलो. 1901 ते 1911, दहाच वर्षं वापरात होतं. जवळजवळ तीनशे माणसं इथे आहेत. नंतर शेजारच्या खनिज दळायच्या गिरणीतला गाळ कबरींवर वाहून येऊ लागला म्हणून दुसरीकडे जागा घेतली. दगडांची कड रचलेले मातीचे उंचवटे, त्यावर लाकडी फळ्या, काहींवरचं नाव वाऱ्याने पार पुसलेलं. शेजारीच विदूषकांच्या बाहुल्यांनी भरलेलं एक मोटेल आहे आणि पर्यटक मुख्यतः त्याचे फोटो काढायला येतात. मला ते पटलं नाही. तीनशे माणसं निजली आहेत तिथे भुताटकीच्या गप्पा मारत हिंडणं बरं नव्हे.

1902 च्या हिवाळ्यात इथे एक साथ आली, न्यूमोनियासारखी, माणसं दोन दिवसांत जात. तिचे बळी इथे आहेत. आणि 23 फेब्रुवारी 1911 च्या बेलमाँट खाणीच्या आगीतलेही. सकाळी जमिनीखाली आग लागली, शाफ्ट धुराने भरला, 17 जण गेले. बिल मर्फी नावाचा 28 वर्षांचा पिंजरेवाला दोनदा खाली जाऊन माणसं वर घेऊन आला. तिसऱ्यांदा गेला तो परत आला नाही. फळ्यांवरची नावं वाचत गेलं की सर्बिया, कॉर्नवॉल, आयर्लंड, इटली, सगळीकडची माणसं भेटतात. घरच्यांना पत्र पोहोचायला महिना लागला असेल. बाबा चपला काढून आत गेले. थंडी होती, खडे टोचत होते, मी काही बोलले नाही. एका कोऱ्या फळीपाशी ते वाकले, बोटाने चाचपून अक्षरांच्या खुणा लागतात का बघितलं. लागल्या नाहीत.

दुपारी गावातलं सेंट्रल नेवाडा म्युझियम. लहान, मोफत, प्रेमाने मांडलेलं. इथे टोनोपाचा दुसरा जन्म कळतो. चांदी आटत चालली होती आणि 1940 साली सरकारने गावाच्या पूर्वेला विमानतळ बांधायला घेतला. दुसऱ्या महायुद्धात आधी पी-39 लढाऊ विमानांचं आणि मग बी-24 या चार इंजिनांच्या बॉम्बरचं प्रशिक्षण इथे चाले. पुढे 1947 साली ध्वनीचा वेग ओलांडणारा पहिला माणूस ठरलेला चक येगर 1943 साली इथेच शिकत होता. उंची जास्त, हवा विरळ, वारा सोसाट्याचा, पोरं एकोणीस-वीस वर्षांची. खूप विमानं पडली. बी-24 मध्ये दहा जण असत, म्हणजे एक विमान पडलं की दहा घरं. युद्धभूमी न पाहता गेलेली मुलं. गावातल्या माणसांनी नंतर वर्षानुवर्षं वाळवंटात फिरून ते अवशेष शोधले, जागांच्या नोंदी केल्या, खुणेचे दगड उभारले.

त्या अवशेषांतला एक ॲल्युमिनियमचा पत्रा. पंख्यासारखा चुरगळलेला, कड काळी पडलेली. बाबांनी चष्मा पुसला, परत लावला. मी फलक वाचत होते, ते पत्राच वाचत होते. "हे बघ," त्यांनी हात न लावता बोटाने हवेत रेघ ओढली, "पत्रा रिव्हेटच्या ओळीवर फाटलाय. पण रिव्हेट निघालेलं एकही नाही. सगळी जागच्या जागी." पत्र्याच्या कडेने खरंच बारीक गोल डोकी ओळीत बसलेली होती, समान अंतरावर, ऐंशी वर्षांनंतरही. "ज्याने ही मारली त्याचं काम चोख होतं. विमान त्याच्यामुळे नाही पडलं." जरा वेळाने म्हणाले, "आणि त्याला हे कधी कळलंही नसणार."

मला तेव्हा आठवलं. आमच्याकडे मिग पडल्याची बातमी आली की त्या संध्याकाळी बाबा जेवायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, वैमानिकाचं वाईट वाटतंय. ते वाटत होतंच. पण त्या विमानाचा नंबर काय, ते आपल्या शॉपमधून गेलेलं का, हा प्रश्न घेऊन ते झोपायला जात होते आणि त्याचं उत्तर त्यांच्यापर्यंत कधीच येत नव्हतं. हे त्यांनी मला त्या काचेच्या कपाटासमोर उभं राहून सांगितलं. मी काय बोलणार होते?

विमानतळावरची जुनी हँगरं संध्याकाळी पाहिली. गावापासून दहा-बारा किलोमीटरवर. छत उडालेली, फळ्या निखळलेल्या, तरी डोंगराएवढी. आतून वारा शिट्टी घालत होता. युद्ध संपताच 1945 साली तळ बंद झाला, दोनच वर्षांत आगगाडीही बंद झाली आणि गाव पुन्हा वाऱ्यावर पडलं.

तिसरा जन्म म्हणजे आम्ही ज्यासाठी आलो होतो तो. आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवर टेस्ट रेंज 1957 पासून होतीच. 1963 साली तिथे मोकळ्या जमिनीवर प्लुटोनियम उधळून त्याची धूळ कुठवर जाते याच्याही चाचण्या झाल्या. 1979 ला मिग आले. आणि मग 1980 च्या दशकात एफ-117, रडारवर न दिसणारं काळं विमान. ते फक्त रात्री उडायचं. दिवसा हँगरची दारंही उघडायची नाहीत. माणसं सोमवारी वेगासजवळच्या नेलिस हवाई तळावरून विमानाने यायची, आठवडा संपला की घरी जायची, आणि कुठे होतो ते बायकोला सांगायचं नाही. 10 नोव्हेंबर 1988 ला सरकारने एक धूसर फोटो प्रसिद्ध केला तेव्हा जगाला कळलं. 1992 ला ती विमानं न्यू मेक्सिकोला गेली.

मिगच्या बाबतीत बाबांचा प्रश्न बरोबर होता. मॅन्युअल नव्हतं. सुटे भाग नव्हते. इथल्या मेकॅनिकांनी विमानं खोलून, मोजमाप घेऊन, भाग स्वतः घडवून ती उडती ठेवली. आमच्या ओझरला रशियन तज्ज्ञ येत, ड्रॉइंग येत, दुभाषे असत. "आणि तरी आम्हाला घाम फुटायचा," बाबा म्हणाले. दोन वैमानिक या कामात गेले, एक 1979 ला मिग-17 मध्ये, एक 1982 ला मिग-23 मध्ये. ते नेमके कशात गेले हे तेव्हा जाहीर करता आलं नाही.

शनिवारी रात्री गावाबाहेर तारे बघायला गेलो. अमावास्या चार दिवसांपूर्वीच झालेली, कोवळी चंद्रकोर लवकर मावळली. गारठा असा की बाबांना माझी शाल कानावरून गुंडाळली. आकाशगंगा पश्चिमेकडे सांडलेली, डोक्याजवळ शर्मिष्ठा, तिच्या खाली देवयानीचा पुसट धूर नुसत्या डोळ्यांनी. हाच काळोख त्या विमानांना हवा होता म्हणून ती इथे आणली. वायव्येकडे क्रेसेंट ड्यून्सच्या सौरऊर्जा प्रकल्पाचा मनोरा असल्याचं मी सांगितलं, पण बाबांचं लक्ष वर होतं. "तेव्हा गावातल्यांना आवाज येत असणार," ते म्हणाले. येतच असे. इथल्या माणसांना बरंच काही माहीत होतं आणि त्यांनी तोंड उघडलं नाही, असं सांगतात. नाश्त्याच्या टेबलावर शेजारी बसलेल्या एका आजोबांना मी हळूच विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "आम्ही लवकर झोपायचो." बाबांना मराठीत सांगितलं, तसे तेही हसले. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. त्या दोघांना काय कळलं ते मला पूर्ण कळलं नाही, पण मी मधे पडले नाही.

रविवारी सकाळी परतायच्या आधी गाडी पूर्वेला, महामार्ग 6 वर घेतली. वीस-पंचवीस किलोमीटरवर उजवीकडे टेस्ट रेंजचा फाटा लागतो. साधा डांबरी रस्ता, पाटी, आणि रस्ता सरळ जाऊन मातकट टेकड्यांत नाहीसा होतो. फाटक फार आत आहे, तिकडे आम्ही गेलो नाही. महामार्गाच्या कडेला गाडी लावली. बाबा उतरले, थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेतला आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. दिसत काहीच नव्हतं. सेजची झुडपं, वारा. चहा संपेपर्यंत ते तसेच उभे होते. मग झाकण झटकलं, लावलं आणि गाडीत बसले.

गोल्डफील्ड मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "वही आहे का?"

डॅशबोर्डच्या खणात होती. पण गाडी मी चालवत होते, म्हणून त्यांच्याच हातात दिली. चष्म्याने आणि गाडीच्या हादऱ्यांनी लिहिता येईना, तेव्हा मी बाजूला थांबले आणि लिहायला घेतलं. ते सांगत गेले. 1973 च्या शॉपमधले, त्यांच्यासोबत आत-बाहेर काम केलेले एकेक जण. कोण गन धरायचा, कोण डॉली. कुणाचा हात हलका होता, कुणाला ऐकू येईनासं झालं, कोण लासलगावहून सायकलने यायचा, कोण गेला. पाच मिनिटांसाठी थांबलेलो आम्ही पाऊण तास थांबलो. मग बीटीपर्यंत ते नुसतं बोलत होते आणि मी लक्षात ठेवत होते, पेट्रोल पंपावर पोहोचल्यावर राहिलेली नावं उतरवली. एकतीस झाली. बत्तिसाव्याचं आडनाव काही केल्या आठवेना. शिलाईसारखी सरळ रिव्हेटची ओळ मारायचा, सय्यद पिंप्रीचा, एवढं आठवत होतं.

"ओझरला विचारू," मी फोन काढत म्हटलं.

बाबांनी घड्याळ पाहिलं, मनात हिशोब केला. "आत्ता तिकडे रात्रीचे बारा वाजून गेलेत. झोपले असतील सगळे. सकाळी लावू."

वहीत बत्तीस नंबर घालून ती ओळ मोकळी सोडली.